लाखाला तीननं भाग जात नाही

माझं लग्न झालं ते लाखाला तीननं भाग जात नाही म्हणून. चेष्टा करत नाही, खरंच सांगते.

चामराजपेटेतल्या त्या घरी सासऱ्यांच्या दुखण्यात सासूबाईंनी नवस केला होता. कार्तिकात देवापुढे लाख वाती जाळीन, त्याही सुनांच्या हातच्या, आणि वळायला बसेल तिच्या वाट्याला सारख्याच. सासरे खडखडीत बरे झाले आणि घर आजारी पडलं. सुना तीन. प्रत्येकीला तेहतीस हजार तीनशे तेहतीस, वर एक वात उरायची. ती कुणी वळायची? थोरली म्हणे, मान माझा. मधली म्हणे, म्हणजे पुण्यही तुम्हालाच जास्त का? तिसरीनं बोलणंच टाकलं. एकीनं बाजूला व्हावं, तर होतंय कोण! भटजींनी सुचवलं, लाखावर दोन वाती वाढवा, भाग जाईल. सासूबाई म्हणाल्या, बोलले लाख, जाळीन लाख.

शेवटी धाकट्या मुलासाठी मुली बघायला लागले.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय गणित. बघायला आल्यावर सासूबाईंनी स्वयंपाकाचं काही विचारलं नाही.

"लाखाला चारनं भाग जातोय की?"

"जातो. पंचवीस हजार." मला राहवेना. "दोननं जातो, पाचनं, आठनंही जातो. तीननं मात्र नाही. पुढं कितीही शून्यं लावा, एक उरतोच."

"सरी, ठरलं तर," त्या म्हणाल्या. मुलाला कुणी काही विचारलंच नाही. तो उप्पीट खात होता.

शेवटचं वर्ष पुरं करायचं, एवढीच माझी अट होती. "वाती होऊ देत, मग बघू," असं उत्तर आलं. कार्तिकापर्यंत थांबायचं म्हणजे वर्ष बुडालंच. मला रडू आलं, आणि रडूपेक्षा राग जास्त आला.

वैशाखात लग्न झालं. ज्येष्ठात कापूस आला, आणि त्याच आठवड्यात थोरल्या दिरांनी जयनगरात बिऱ्हाड केलं. निघताना थोरली जाऊ म्हणाली, "वेगळं घर, वेगळा देव. आता माझ्या वाती धरू नका."

पुन्हा आम्ही तिघी. पुन्हा एक उरली. आणि घरात लग्नाचा मुलगा आता एकही शिल्लक नव्हता.

कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही कापसाच्या टोपल्या घेऊन बसलो. मी मुकाट्यानं पहिली वात वळायला घेतली. सासूबाई आल्या आणि माझी टोपली उचलून दोघी जावांच्या मध्ये रिकामी केली.

"दोननं जातोय म्हणालेलीस ना?"

"हो."

"पन्नास पन्नास हजार?" मधलीनं घाबरून विचारलं.

"मग? बाकी काही उरत नाही," सासूबाई तिला म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तू कॉलेजला जा. तू इथं बसलीस की एक उरते."