दाणा बघणारे मामा

“घाई असंल तर खाली जा. हितं साखर शिजती.”

मामांचं हे वाक्य मी पहिल्याच दिवशी ऐकलं, आणि तेही त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलेलं. एक डोळा मिटून ते हातातली काचेची पट्टी बल्बसमोर धरून उभे होते आणि तिच्यावर पसरलेल्या पाकातला दाणा बघत होते. मी नेमणुकीचं पत्र पुढे केलं. “थांब जरा,” ते म्हणाले, “आदी ह्याचं पत्र वाचू दे.”

तुम्ही साखर कारखान्यात वरपर्यंत कधी चढला नसाल, म्हणून सांगते. उसाचा रस आटवून घट्ट पाक झाला की तो तिसऱ्या मजल्यावरच्या एका बंद भांड्यात येतो. भांडं म्हणजे खोलीएवढं मोठं. त्याला पॅन म्हणतात. त्यात दाणा धरतो आणि वाढतो. वाफ किती द्यायची, पाणी किती, पॅन कधी सोडायचा, म्हणजे त्यातला तयार माल खाली कधी काढायचा, हे सगळं ठरवतो तो पॅनमन. कोपरगावच्या बाजूच्या आमच्या कारखान्यात मामा सगळ्यात जुने पॅनमन होते. त्यांना चेअरमनपासून वॉचमनपर्यंत सगळे मामाच म्हणत.

मी शेवगावची, डिप्लोमा झालेली. अप्रेंटिस म्हणून लागले तेव्हा दर सोमवारी कारखान्याच्याच हॉलमध्ये वर्ग असायचा आणि बाकीचे दिवस पॅनवर काम. पॅनवर तोवर मुलगी कधी नव्हती. साहेबांनी, म्हणजे आमच्या चीफ केमिस्टनी, स्पष्ट सांगितलं होतं की सीझन संपायच्या आत मामांनी ‘एकटी पॅन सांभाळते’ असं लिहून माझ्या फॉर्मवर सही केली तरच पुढचं वर्ष पॅनवर. नाहीतर खाली लॅबमध्ये बाटल्या विसळायच्या. विसळायचं साहेब म्हणाले नव्हते, ते माझं. पण मला वरच राहायचं होतं. मामा त्याच सीझनला रिटायर होणार होते, आणि पहिले पंधरा दिवस ते माझ्याशी “काच पूस” यापलीकडे एक शब्द बोलले नाहीत.

मी काच पुसली. रोज इतकी पुसली की घरी आरशात बघतानाही हात फडक्याकडे जायचा.

मग एका मंगळवारी त्यांनी विचारलं, “काल मास्तरानं काय सांगितलं?” मला वाटलं, चेष्टा करतायत. पण पुढच्या मंगळवारीही त्यांनी तेच विचारलं, आणि त्याच्या पुढच्याही. मग मी वही घेऊनच वर जायला लागले. पाकात नको असलेला बारीक दाणा पडला की गरम पाणी द्यायचं, हे मामा आयुष्यभर करत आले होते. ते का करायचं, हे एका सोमवारी आम्हाला शिकवलं होतं. बारीक दाणा आधी विरघळतो आणि मोठा टिकून राहतो, हे मी त्यांना आकृती काढून सांगितलं. मामा मन लावून ऐकत राहिले. त्यांच्या चहावर साय धरली.

“म्हंजी आमी बरोबरच करत हुतो म्हन की.”

“नाहीतर काय, मामा.”

सातवी शिकलेला तो माणूस त्या दिवशी नुसता तरंगत होता. दुपारपर्यंत बॉयलरवाल्यांनाही कळलं होतं की मामांचं पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे.

आमच्याकडे भिंतीवर एक फळा आहे. पॅन किती वाजता सुरू झाला, किती वाजता सोडला आणि कोणी चालवला, ते त्यावर खडूनं लिहायची पद्धत. अप्रेंटिसनी चालवलेल्या पॅनपुढे मामा स्वतःचं नाव लिहीत. बिघडला तर साहेबांची बोलणी त्यांना. जमला तरी नाव त्यांचंच, यावर मी आतल्या आत धुमसत असे. त्या वयात माणसाला एकच बाजू दिसते.

मार्चमधली गोष्ट. दिवसपाळी चार वाजता सुटायची आणि माझा पॅन होत आला होता. आपल्याच पाळीत सोडायचा, दुसऱ्या पाळीच्या हातात द्यायचा नाही, या हट्टापायी, पाक लवकर आटावा म्हणून, मी पॅनमधून निघणारी वाफ थंड करणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह जास्त उघडला. पॅनमधला व्हॅक्यूम, म्हणजे हवेची पोकळी, एकदम चढला, पाक थंडावला. काचेवर पाक घेऊन बघितला, तर मोठ्या दाण्यांच्या मध्ये रव्यासारखी भुकटी. याला खोटा दाणा म्हणतात. तो राहिला तर पुढे साखर मळीपासून सुटत नाही आणि सगळा पॅन वाया जातो.

“मामा...”

“दिसतंय मला.” ते स्टुलावर बसले होते.

“काय करू?”

“मला काय इचारती? वही कुनाची हाय?”

ते उठले नाहीत. मी व्हॅक्यूम उतरवला आणि थोडंथोडं गरम पाणी द्यायला लागले. दर पाच मिनिटांनी काच घेत होते. खाली पाकाच्या टाक्या भरत आल्या आणि मिल हळू चालवायची वेळ आली. साहेब तीन मजले चढून आले.

“मामा, तुम्ही हातात घ्या.”

“न्हाई साहेब. ती करती ते बरोबर करती. मी मधी पडलो तर दोन डोकी हुतील.”

“पॅन गेला म्हणजे?”

“माज्यापुडं कवा गेलाय का?”

साहेब तिथेच थांबले. चारचा भोंगा वाजला. पुढच्या पाळीचे लोक येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. सव्वापाचला काच स्वच्छ दिसली आणि सहाला पॅन सुटला. दाणा चांगला निघाला होता.

मामांनी खडू माझ्यापुढे धरला. “ल्ही.”

“तुमचं नाव?”

“माजं कशाला? चूक तुजी, साखर बी तुजी.”

मी लिहिलं. शेजारी दोन तासांचा उशीरही लिहिला आणि सही आता गेली, हे मनाशी धरून खाली उतरले. रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फॉर्म मागितला. एकेक अक्षर कोरत सही केली.

“मामा, पण काल तर मी...”

“आदी धा पॅन चांगले सोडलेस, तवा केली का सही? पाक चांगला असला की पॅन हुतोच गं. काल बिगडल्यावर सावरलास. आता मला बघायचं काय ऱ्हायलं न्हाई.”

शिपायाबरोबर फॉर्म पाठवता आला असता. पण गुडघे धरत ते तीन जिने उतरून स्वतः साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. मी कठड्यावरून बघत होते. इतका अभिमान मला माझ्या डिप्लोम्याचाही वाटला नव्हता, आणि तो माझा जास्त होता की त्यांचा, हे मला आजही सांगता येत नाही. आज माझा चौथा सीझन चालू आहे. मामा गावी असतात. या म्हटलं तरी कारखान्याकडे येत नाहीत.

त्यांचा निरोप समारंभ त्याच सीझनच्या अखेरीस खाली मंडपात झाला होता. मी गेले नव्हते. दुसरे पॅनमन रजेवर होते आणि माझा पॅन ऐन भरात आला होता. वाफेच्या आवाजातून लाऊडस्पीकरवरची भाषणं तुटक तुटक वर येत होती. साहेब बोलले, चेअरमन बोलले. मग मामांना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. माईक खरखरला.

“पॅनवर मानूस हाय,” मामा म्हणाले. “मी निगतो.”

एवढंच बोलून ते बसले असावेत, कारण पुढे टाळ्याच ऐकू आल्या. मी तेव्हा रडले नाही. पॅन सोडायला अजून वीस मिनिटं होती.