आत मनाई, बाहेर ऊन
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की नांदुऱ्याची ती खोली आठवते. आम्ही काही जणांनी मिळून गावोगावच्या वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं होतं. फुकट, आणि कुणालाही बदलता येईल असं. ते वाचनालयांना द्यायच्या आधीच्या आठवड्यात काम सांभाळणाऱ्या ताईंनी फोनवर फर्मान काढलं, "आता नवीन काही घालायचं नाही. फक्त वापरा आणि कुठं मोडतं ते शोधा." माझा नवा भाग तयार होता, पण हातच बांधले होते. चडफडत मी पुस्तकांची नावं भरत बसलो. थोरला भाऊ दारातून म्हणाला, "काऊन चिडून राह्यला बे? बाहेर तरी ये." बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. तेवढ्यात भारनियमनात लाइट गेली, कॉम्प्युटर बंद पडला, कूलर थांबला, खोली भट्टी झाली. लाइट आली तेव्हा भरलेली सगळी यादी कोरी होती. बाकीचे शहरातले, त्यांच्याकडे लाइट जायचीच नाही, म्हणून हे कुणाला दिसलंच नव्हतं. ताईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "एवढंच दुरुस्त कर." माझा नवा भाग तसाच पडून राहिला. पण आजही कुणी "झालं, तयार आहे" म्हटलं, की मी आधी प्लग उपटतो.