न जुळलेले सहा सेंटीमीटर

इथे अनुभव लिहिणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना मी आजवर मनातल्या मनात खोटं ठरवत आलोय, हे आधीच कबूल करतो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला विहिरीतून हाक येते... मी वाचतो आणि म्हणतो — मोजलं का कुणी? अंतर किती होतं? उजेड किती होता? माझं बोरीत पाइप-फिटिंगचं दुकान आहे. आमच्या धंद्यात अर्धा इंची म्हणजे अर्धा इंचीच. पाऊण इंचीची तोटी तिथे बसत नाही, बसवणाऱ्याची श्रद्धा कितीही असो. शर्टाच्या खिशात पेन आणि पँटच्या खिशात तीन मीटरचा स्टीलचा टेप, याला तीस वर्षं झाली. तेव्हा जे लिहितोय ते मोजून लिहितोय. नाही पटलं तर रागावणार नाही. तुमच्या जागी मलाही पटलं नसतं.

माय तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. किडन्या थकल्या होत्या आणि डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा डायलिसिस सांगितलं होतं. मंगळवार आणि शनिवार, परभणीत. बोरीहून परभणी काही लांब नाही, रस्ता सरळ आहे. अडचण गाडीत बसण्याची होती. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. घरात वॉकर धरून ती फिरायची, पण आमची दुकानाची गाडी मालाची, उंच. सीट जमिनीपासून चौऱ्याहत्तर सेंटीमीटर. पहिल्या दोन खेपांना मी तिला काखेत धरून कसंबसं चढवलं. तिसऱ्या खेपेला शेजारचे विठ्ठलअण्णा प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले.

"हिच्यात बसवू अन् दोघं मिळून खुर्चीच उचलू. लय सोपं हाय."

मायने खुर्चीकडे बघितलं आणि वॉकर फरशीवर आपटला.

"हात काढ इठ्ठल. आमच्यात माणसाला बसवून उचलतेत ते एकदाच. माजी येळ आली न्हाई अजून."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की आडवं नेत नाहीत. बसवून, सजवून खांद्यावरून नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. त्यामुळे ती काय म्हणाली ते तिथल्या सगळ्यांना कळलं. अण्णांनी खुर्ची गुपचूप भिंतीला लावली.

त्या शनिवारी माय गेलीच नाही. "माज्या पायानं बसता आलं त जाईन. न्हाई त न्हाई," असं म्हणून तिने तोंड फिरवलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, ही एक खेप चुकली ते चुकली, मंगळवारची चुकली तर पाणी छातीत भरेल. म्हणजे माझ्याकडे तीन दिवस होते. तेवढ्यात अशी गाडी शोधायची होती जिच्यात माय कुणाचा हात न लागता बसेल.

दुसरी गाडी तशीही घ्यायचीच होती. दुकानाची गाडी रोज मालाला लागते आणि मायला नेणार होती माझी बायको सुरेखा. नवी झेपणार नव्हती, म्हणून जुनी. लहान हवी, कारण गल्लीत वळवायची होती. स्टिअरिंग हलकं हवं, सुटे पार्ट जिल्ह्यात मिळायला हवेत. माझी यादी तयारच होती. फक्त आता सगळ्यात वर नवी ओळ आली: सीटची उंची.

ती किती हवी हे मी घरातच काढलं. खुर्ची त्रेचाळीस सेंटीमीटर — माय बसते, पण उठता येत नाही. बाज एकोणपन्नास — उठते, दोन झोके घेऊन. दुकानातलं स्टूल चौपन्न — बसते, उठते, तोंडातून 'शिवा शिवा'सुद्धा निघत नाही. ओट्याची कड साठ — टेकताच येत नाही. म्हणजे हवी चौपन्न. एखादा सेंटीमीटर इकडेतिकडे.

रविवारी-सोमवारी परभणी पालथी घातली. लोक जुनी गाडी बघताना इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर बघतात. मी दार उघडून आधी टेप लावायचो. एक एजंट म्हणाला, "काका, गाडी घ्यायलाव का पलंग?" सुरेखा हसली, मी वहीत सत्तेचाळीस लिहिलं आणि पुढे गेलो. दुसरी एक्कावन्न. तिसरी त्रेसष्ट. चौथी बरोबर चौपन्न! मी दोनदा मोजली, सुरेखाला एकदा मोजायला लावली आणि एजंटला तयार करून सोमवारी संध्याकाळी ती गाडी बोरीला दाखवायला आणली.

माय आली, पाठमोरी झाली, बसायला गेली... आणि अडकली. उंची बरोबर होती, पण दार पुरतं उघडत नव्हतं. गुडघा दाराला लागला, डोकं वरच्या पट्टीला.

"डोस्कं आत न्यावं का पाय? दोनीला मिळून जागा न्हाई हितं," ती म्हणाली आणि वॉकर वळवून घरात गेली.

वहीत आता एकच गाडी उरली होती आणि तिच्यावर मी आधीच काट मारलेली होती. राणीसावरगावच्या एका निवृत्त गुरुजींची. जाहिरात बघून मी फोन केला होता, सीट मोजून सांगा म्हणालो होतो, आणि त्यांनी प्रामाणिकपणे साठ सांगितलं होतं. साठ म्हणजे आमचा ओटा. मी नको म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "एकदा आईंना दाखवा, मग काट मारा. मी मंगळवारी सकाळी लेकीकडं जिंतूरला निघालोय, बोरी वाटेतच हाय." मी पुन्हा नको म्हणालो होतो.

तरी ते आले. मंगळवारी सकाळी साडेसातला गाडी दारात उभी. पांढरी, लहान, टपाला किंचित चेपलेली. मी टेप लावला. साठ. गुरुजींनी खोटं सांगितलं नव्हतं.

"बघा, साठच आहे," मी म्हणालो.

"हो, साठच," गुरुजी म्हणाले.

माय ओट्यावर स्टुलावर बसून बघत होती. ती उठली, वॉकर टेकत पायरी उतरली.

"माय, ही जमणार न्हाई. साठ हाय ही."

"तुजं साठ ऱ्हाऊ दे तुज्यापाशी."

ती मागच्या दारापाशी आली, पाठमोरी झाली, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि बसली. झोका नाही, धरणं नाही. स्टुलावर बसावी तशी. मग एक पाय आत, दुसरा पाय आत.

"चल की सुरेखा, उशीर व्हायलाय. बसू, तू काय बघत उभारलास?" माझं नाव बसवराज, ती बसू म्हणते.

गुरुजींनी किल्ली सुरेखाच्या हातात दिली. "कागद मागाहून करू. मी बसनं जातो जिंतूरला."

मीही सोबत गेलो. मला वाटलं, भीतीने माणसाच्या अंगात बळ येतं, तसं तिला आलं असेल. चार तासांनी हॉस्पिटलबाहेर ती परत बसायला आली तेव्हा मी आधीच टेप लावून तयार होतो. माय वॉकर धरून दाराशी उभी. आकडा वाचला, डोळे पुसून पुन्हा वाचला. मग सुरेखाला काही न सांगता म्हणालो, "किती आहे वाच."

"चौपन्न."

"मागं सर की रे," माय म्हणाली. "कापड मोजायलास का? बसू दे मला, बसू!"

ती बसली. घरी येऊन उतरली, आत गेली. मी मोजलं. साठ.

त्यानंतर मी जे केलं ते सगळं वहीत आहे. अंगणातली फरशी लेव्हल लावून तपासली, समतल होती. दुकानातून नवा टेप आणला, दोन्ही टेप सारखेच. चारही टायरची हवा सारखी. मायचं वजन शेहेचाळीस किलो, म्हणून सीटवर पन्नास किलोची सिमेंटची गोणी ठेवून मोजलं. एकोणसाठ. म्हणजे वजनाने एक सेंटीमीटर जातो, सहा नाही. शिवाय माय बाहेर उभी असते तेव्हा सीटवर वजनच नसतं. सुरेखाच्या मावशीला दाराशी उभं केलं. त्या मायच्याच बांध्याच्या, पण गुडघे ठणठणीत. साठ. परभणीच्या मेकॅनिकने गाडी वर चढवून बघितली. स्प्रिंग मूळच्याच, कुठे काही बसवलेलं नाही. "काका, तुमच्या डोळ्याचं काय हाय का?" त्याने विचारलं. डोळेही तपासून घेतले.

पण मला खरा घाम फुटला तो एका शनिवारी. त्या दिवशी मी तीन मापं घेतली. माय ओट्यावर असताना जमिनीपासून टपापर्यंत एकशे अठ्ठावन्न, टपापासून सीटपर्यंत अठ्ठ्याण्णव, सीटपासून जमिनीपर्यंत साठ. अठ्ठ्याण्णव आणि साठ, एकशे अठ्ठावन्न. बेरीज बरोबर. मग माय दाराशी आली. जमिनीपासून टप एकशे अठ्ठावन्न. टपापासून सीट अठ्ठ्याण्णव. सीटपासून जमीन... चौपन्न.

अठ्ठ्याण्णव आणि चौपन्न किती होतात ते तुम्हीच करा. टप खाली आलं नव्हतं, सीट टपापासून लांब गेली नव्हती, जमीन वर आली नव्हती. मधले सहा सेंटीमीटर कुठे गेले? काहीही सरकताना मला कधी दिसलं नाही. एकदा तर ती ओट्यावरून उतरल्यापासून मी टेप सीटला धरून बसलो. तिची सावली टेपवर पडली म्हणून मान वर केली, पुन्हा खाली बघतो तर चौपन्न.

गुरुजींना फोन केला. गाडी कुणासाठी घेतली होती विचारलं. "दादांसाठी. वडील हो आमचे. लकवा झाला होता त्यांना. गेले. मग बसणारं कोणी राहिलं न्हाई, म्हणून काढली."

"गुरुजी, सीटचं काही..."

"मोजायलाव?" ते हसल्यासारखं वाटलं. "मीबी मोजायचो. मग सोडून दिलं. बसणारं माणूस बसलं म्हंजे झालं."

मी सोडलं नाही. दर खेपेला मोजत राहिलो. माय वैतागायची, कधी चिडवायची. "काय म्हनती तुजी टेप? चढला का भाव?" पण एक सांगतो, तिने कधी आश्चर्य दाखवलं नाही. बसायला मिळालं, ती बसली. मी एकदा सगळी बेरीज तिला मांडून दाखवली. ती म्हणाली, "तुज्यात कमी पडायलंय, माज्यात पुरायलंय. मंग कुनाचं चुकलं?"

जवळजवळ चौदा महिने. एकशे अठरा खेपा. जाताना एकदा, येताना एकदा, म्हणजे दोनशे छत्तीस वेळा माय त्या गाडीत बसली, आणि एकदाही कुणाचा हात तिला लागला नाही. पावसाच्या दिवसांत रस्ता उखडला होता तेव्हाही गेली. ताप होता तेव्हाही गेली. डॉक्टर म्हणायचे, यांच्याएवढं नेमाने येणारं दुसरं कोणी नाही. एका रविवारी सकाळी विभूती लावून झाल्यावर ती भिंतीला टेकली, ती टेकलीच. दुपारी आम्ही तिला बसवून उचललं. विठ्ठलअण्णा पुढे होते. एकदाच.

तेराव्या दिवशी मी गाडीची सीट मोजली. साठ. मग महिनाभर रोज. साठ, साठ, साठ. सुरेखा म्हणाली, "ठेवून काय करायचं? दुसऱ्या कुणाला तरी बसता येईल." मलाही ते पटलं. जाहिरात दिली. त्यात सगळं खरं लिहिलं: टपाला चेप आहे, दोन टायर बदलावे लागतील, मागची सीट जमिनीपासून साठ सेंटीमीटर.

परवा मानवतकडचे एक शेतकरी गाडी बघायला आले. सोबत त्यांचे वडील, कमरेतून पार वाकलेले. दवाखान्याच्या खेपांसाठीच हवी होती. त्या शेतकरी भाऊंनी वडिलांना ओट्यावर बसवलं, इंजिनाचा आवाज ऐकला, टायर बघितले. मग माझ्याकडे टेप मागितला. मी चमकलो.

"जाहिरातीत साठ लिवलंय तुमी."

"हो. सकाळीच मोजली."

त्यांनी दार उघडलं आणि खाली वाकले. तोवर म्हातारबा काठी टेकत येऊन त्यांच्या मागे उभे राहिले होते.

"काका, चष्मा बदला," भाऊ म्हणाले. "हे त एक्कावन्न भरायलंय."

मी टेप हातात घेतला. पुन्हा लावून बघावा असं फार वाटलं. पण त्यांना सांगणार काय? जवळजवळ दीड वर्ष मोजतोय आणि उत्तर माझ्याकडे आजही नाही. वहीतली ती बेरीज अजून तशीच उघडी आहे, कुणाला जुळवता आली तर जरूर कळवा. टेप मी खिशात टाकला.

"आधी त्यांना बसू द्या," एवढंच म्हणालो.