सदूचं गाऱ्हाणं

काशीमीऱ्याच्या गोदामात सदू मागे येणाऱ्या ट्रकांना वाट दाखवायचा. "आन दे, आन दे" म्हणत हात हलवायचा आणि जागा संपली की ट्रकच्या मागच्या फाळक्यावर सणसणीत थाप. त्या थापेसरशी भलेभले ड्रायव्हर गपकन थांबत. सदूला त्याचा कोण अभिमान!

मार्चमध्ये एकदा थाप पडली, पण ट्रक थांबलाच नाही. रोज त्याच्याबरोबर डबा खाणारा साईराज भिंतीशी चिरडला. मॅनेजरची कमाल अशी, की दुसऱ्याच दिवशी त्याने सदूला त्याच भिंतीपाशी उभं केलं. तेव्हापासून ट्रक मागे येताना वाजणारा भोंगा ऐकला की सदू हातातलं टाकून गेटबाहेर पळायचा. झोप उडाली, कामही सुटलं.

घरचे मूळचे रत्नागिरीकडचे. डॉक्टर राहिला बाजूला, त्यांनी आधी गाव गाठलं. गुरवाने नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. गुण काही आला नाही. डॉक्टरकडे जाईपर्यंत दिवाळी उजाडली, आणि सदूने कंपनीकडे मागितलेल्या भरपाईच्या सुनावणीत कंपनीच्या वकिलाने नेमकं तेच धरलं.

"अंगावर ओरखडा नाही. इतके महिने उपचार नाहीत. मग इजा झाली कुठे?"

"तुम्ही सांगा, काय झालं?" सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी सदूला विचारलं.

सदू मान खाली घालून तळहात चोळू लागला. थाप उशिरा पडली, साईराजला आपणच मारलं, हेच त्याच्या मनात घट्ट बसलं होतं. जागेपणी हे तो कुणाला बोलला नव्हता.

त्याची बायको दुर्गा मात्र रोज त्याच्या शेजारी झोपत होती, त्याची झोपेतली बडबड ऐकत होती. ती उठली आणि गुरवासारखेच हात जोडून बोलू लागली.

"मॅडम, ह्यांची थाप टायमावरच पडली. गाडीचा ब्रेकच खराब होता, ड्रायव्हर स्वतः बोललाय मला. त्याने आदल्या दिवशीच मॅनेजरला सांगितलेलं. तरी गाडी आत घेतली. आणि माणूस गेला तिथंच दुसऱ्या दिवशी ह्यांना उभं केलं. आता हे झोपेत भिंतीवर थापा मारतायत, ‘थांब, थांब’ ओरडतायत. ह्याला इजा नाय तर काय म्हणायचं?"

"बरोबर आहे हे?" बाईंनी सदूला विचारलं.

सदू दुर्गाकडे बघत राहिला. हिला सगळं ठाऊक होतं तर!

"व्हय," तो पुटपुटला. मग सवयीने म्हणाला, "व्हय म्हाराजा."

कुणी हसलं नाही. बाईंनी पुढची तारीख दिली. सदू तिथेच खुर्चीत बसून साईराजसाठी पहिल्यांदा ढसाढसा रडला.