काळुराम म्हात्रेची दुसरी कॉपी

काळुराम म्हात्रे रोह्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला होता. शनिवारी पहिली शिफ्ट सुटली की त्याच्या खांद्याला निळी पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा आणि डब्याशेजारी टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क. दिसायला तीही डब्यासारखीच, फक्त जड. आठवडाभराचं कंपनीचं रेकॉर्ड तिच्यात उतरवायचं, ती घरी न्यायची आणि सोमवारी परत आणायची. आग लागो, पाणी भरो, एक कॉपी कंपनीच्या भिंतीबाहेर असलीच पाहिजे, असा साहेबांचा नियम होता. एसटीत कोणाचा पाय पिशवीला लागला तर काळुराम असा बघायचा की त्या माणसाने पाय आखडून घ्यावा. "काय हाय रे यात, सोनं?" असं कोणी विचारलंच तर हा म्हणायचा, "बॅकअप." आणि मग पेण येईपर्यंत बॅकअप म्हणजे काय ते समजावून सांगायचा. विचारणारा पुढच्या शनिवारी लांबच्या बाकावर बसायचा.

त्याचं गाव पेणच्या पलीकडे, धरमतरच्या खाडीकाठी. शेतं खारीत, म्हणजे बांध घालून खाडीकडून मिळवलेल्या जमिनीत. घरात बायको पुतळी, मुलगी प्रतिक्षा आणि आई ठमाबाई. ही ठमाबाई म्हणजे गावची धवलारीण. लग्नात हळद लागल्यापासून नवरी सासरी निघेपर्यंतची गाणी, म्हणजे धवले, तिने म्हणायचे आणि बाकीच्या बायकांनी तिच्यामागून ओढायचे. आजूबाजूच्या गावांत भटजी उशिरा आला तर चालायचं, ठमाबाई उशिरा आलेली चालायची नाही. किती लग्नं लावली म्हणून विचारलं तर ती म्हणायची, "मोजायला मी काय शाळंत गेलंय? नातीचं लावलं की बस." नातीच्या लग्नात धवले आपणच म्हणायचे, एवढी एकच हौस तिने मनात धरून ठेवली होती.

काळुरामने एकदा आईलाही बॅकअप समजावून सांगितला होता. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे बियानाच की."

गावची रीतच होती तशी. पेरणीआधी अर्धं बियाणं खाडीपासून लांब, वरच्या गावातल्या नातेवाइकाकडे पोचवायचं. कधी उधाणाने बांध फुटला, खारं पाणी शिरलं, तर शेतातली रोपं जातात आणि घरातलं धान्यही जातं. मग ते दुसऱ्या घरचं बियाणं आणून पुन्हा पेरायचं. म्हात्र्यांचं बियाणं कोलाडला जायचं, ठमाबाईच्या धाकट्या बहिणीकडे, सरूकडे. काळुरामने लहानपणी ती गाठोडी स्वतः डोक्यावरून नेली होती. पण कॉम्प्युटरच्या विद्येला कोणी बियाणं म्हणावं, हे काही त्याला रुचलं नाही. "आये, तुला नाय कळायचं," म्हणाला. ठमाबाईने भाकरी उलटली.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर ठमाबाईचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं धवल्यांचा ताण. पेणच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं आणि तिथल्यांनी सांगितलं, गळ्याचं ऑपरेशन करावं लागेल, जीव वाचेल, आवाज वाचायचा नाही. काळुरामने आठ दिवसांची रजा टाकली, टेपरेकॉर्डर घेतला आणि आईसमोर बसला. चिरकत, खाकरत, मध्येमध्ये पाणी पीत तिने सगळे धवले म्हटले. सात कॅसेटी भरल्या. शेवटची संपली तेव्हा म्हणाली, "आता कापा काय कापायचं ते." ऑपरेशननंतर ठमाबाई बरी झाली, हिंडू फिरू लागली, पण गळ्यातून नुसती हवा यायची. ज्या बाईने अख्खे मांडव दणाणून सोडले ती सुनेला मीठ मागायला ताटलीवर चमचा वाजवू लागली. काळुराम ते बघून उठून अंगणात जायचा.

पुढच्या उन्हाळ्यात कॅसेटींना बुरशी धरली. खाडीची हवा, दुसरं काय होणार. काळुरामची झोप उडाली. प्रतिक्षाचं लग्न ठरलं होतं, पुढच्या वर्षीच्या वैशाखातलं, आणि आईचे धवले आता होते ते तेवढ्या सात कॅसेटींत. त्याने पेणहून एक जुना कॉम्प्युटर आणला. कंपनीत नवी डिस्क आली होती, जुनी मोडीत निघाली होती. साहेबांना विचारून ती मागून घेतली. मग टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला लावून एकेक कॅसेट पुसत, वाजवत, सगळे धवले आत घेतले. एकेक कॅसेट सात-आठदा वाजवावी लागली. घरात इतके धवले झाले की शेजारची जनू विचारायला आली, कोणाचं लगीन हाय गो? चौथ्या कॅसेटीत हळदीच्या धवल्यातलं एक कडवं मात्र बुरशीने खाल्लंच. तिथे नुसती खरखर. एवढ्याशा जागेचं कोणाला कळतंय, म्हणून काळुरामने ती तशीच सोडली आणि कोणाला बोलला नाही. मग सगळं डिस्कवर उतरवलं, डिस्क तिच्या खोक्यात घातली आणि कपाटात ठेवली.

कुठल्या कपाटात? तर ज्यात सात कॅसेटी होत्या त्याच कपाटात. आणि ज्या टेबलावर कॉम्प्युटर होता ते टेबल त्या कपाटाला चिकटून. वर्षानुवर्षं कंपनीची कॉपी भिंतीबाहेर वाहून नेणारा हा शहाणा माणूस, स्वतःच्या आईचा आवाज तीन ठिकाणी ठेवतोय म्हणून खूश होता आणि तिन्ही ठिकाणं एका खोलीत. ठमाबाई दारात उभी राहून बघत होती. तिने कपाटाकडे बोट केलं, मग खाडीकडे केलं. काळुराम म्हणाला, "बॅकअप झाला, आये. आता भ्यायचं कारण नाय."

आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला भर दुपारी बांध फुटला. काळुराम रोह्याला शिफ्टवर होता. तो पोचेपर्यंत माणसं देवळाच्या चढावर जाऊन बसली होती, सगळी सुखरूप. घरात कमरेएवढं पाणी येऊन गेलं होतं. कपाट आडवं पडलेलं. कॅसेटी चिखलात, कॉम्प्युटरमधून पाणी गळतंय. काळुरामने डिस्कचं खोकं शोधलं, ते भिजून लगदा झालेलं, आणि आत काहीच नाही. वाहून गेली म्हणायची. तो तिथेच ओल्या जमिनीवर बसला आणि रडला. चाळिशी उलटलेला माणूस, आईसमोर, बायकोसमोर, लपवायला गेला नाही.

ठमाबाईने त्याचा खांदा हलवला. मूठ उघडून हवेत फिरवली, पेरतात तशी. काळुराम म्हणाला, "व्हय आये, रोपं गेली, बघितलं मी." तिने मान हलवली, पुन्हा पेरून दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याला हात लावला. त्याला वाटलं, म्हातारीला आवाजाचं दुःख झालंय. त्याने तिला जवळ घेतलं. तिने कपाळावर हात मारला.

पावसाने शेतातलं खारं धुऊन काढल्यावर काळुराम बियाणं आणायला कोलाडला गेला. सरूमावशीने कणगीमागून गाठोडं ओढलं. "या खेपेला जड हाय रे," म्हणाली. "ठमीने सवताच्या हातानी बांधलान. मला सोडू पन नाय दिलान." काळुरामने गाठ सोडली. भाताच्या मधोमध आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, त्यात कीड लागू नये म्हणून राख आणि निंबाचा पाला, आणि त्या राखेत ती डिस्क.

त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. सरूमावशीला वाटलं, बियाणं खराब झालं.

"मावशी," शेवटी म्हणाला, "मी गाढव हाय."

"ते हाय," सरूमावशी म्हणाली. "पन झालं काय?"

दुसऱ्या दिवशी कंपनीत साहेबांच्या परवानगीने त्याने डिस्कच्या पिनांमधली राख दाढीच्या ब्रशने झाडली आणि ती जोडली. डिस्क फिरली. ठमाबाई खाकरली आणि गायला लागली. कॉम्प्युटरवरची चारही माणसं खुर्च्या सरकवून ऐकत बसली. त्या शनिवारी काळुरामने तीन कॉपी केल्या आणि त्या तीन वेगळ्या गावांत ठेवल्या.

वैशाखात प्रतिक्षाला हळद लागली. मांडवात, पाटाशेजारी, साहेबांनी दोन दिवसांसाठी दिलेला कॉम्प्युटर आणि मोठे स्पीकर. ठमाबाई नव्या लुगड्यात समोर बसली होती. तिचा आवाज सुरू झाला तशा बायका आधी बुजल्या, मग नेहमीसारख्या मागून ओढू लागल्या. ठमाबाई गुडघ्यावर बोटांनी ताल धरून स्वतःलाच ऐकत होती.

आणि ती जागा आली. खरखर. बायका थबकल्या. ठमाबाईने जमिनीवर जोरात थाप मारली. काळुरामने मशीन थांबवलं. ती एकेका बाईकडे बघू लागली. जनूने मान खाली घातली, सरूमावशीने तर खूप आधीच घातली होती. जन्मभर सगळ्या तिच्यामागून म्हणत आलेल्या, पुढचं कडवं कोणाला येणार? ठमाबाईचे ओठ हलत होते आणि नुसती हवा येत होती.

पुरुषाने धवला म्हणायचा नसतो. पण ते कडवं कॅसेट भरताना त्याने समोर बसून ऐकलेलं, आणि त्याआधी सगळं लहानपण मांडवात आईच्या मांडीशी काढलेलं. काळुरामने घसा खाकरला आणि शिफ्टच्या भोंग्यासारख्या आवाजात सुरू केलं:

"मीठ पिकलं गो बापाच्या खारी,
नवरी निघाली गोड्या पाण्याच्या घरी..."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. 'बापाच्या' म्हणताना त्याचा आवाज फुटला, तेव्हा हसायच्या थांबल्या आणि त्याच्यामागून ओढू लागल्या. प्रतिक्षा हळदीच्या हातांनी डोळे पुसायला गेली आणि डोळ्यांत हळद गेली.

काळुराम घाई करत होता. ठमाबाईने हात वर करून त्याला सावकाश घ्यायला लावलं आणि बोट फिरवून तेच कडवं पुन्हा म्हणायला सांगितलं. त्याने पुन्हा म्हटलं. मग तिने मान डोलावली आणि मशीन चालू कर म्हणून खूण केली.