पाडव्याची जीप

तुमच्या गाडीचा जन्म कधीचा? हार घालून घरी आणली, तो दिवस मी विचारत नाही. कारखान्यातून ती स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली तो महिना आणि ते साल विचारतेय. सांगता येईल?

आम्हालाही सांगता आलं नव्हतं. आमच्या अवसरी बुद्रुकात गाडी येते ती पाडव्याला नाहीतर दसऱ्याला. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, आणि त्याच आठवड्यात पेंटरकडून मागच्या दारावर सण आणि साल रंगवून घ्यायचं. पुढे जन्मभर तेच तिचं वय. आईच्या जीपवरही पिवळ्या अक्षरांत पाडवा आणि त्याचं साल होतं. आई मंचर ते नारायणगाव शीटं, म्हणजे प्रवासी, भरते. मंचरच्या जीप स्टँडवर बाई ड्रायव्हर ती एकटीच.

स्टँडचा नियम साधा आहे. गाड्या नंबराने भरतात. तुमची गाडी काही दिवस आली नाही, की नंबर घसरत शेवटाला जातो, आणि सकाळची कॉलेजची शीटं पुढच्यांना मिळतात. आईने वर्षानुवर्षं भांडून मिळवलेला नंबर पहिल्या गाड्यांतला होता.

गेल्या द्राक्षांच्या हंगामात कळंबच्या पुलाच्या उतारावर ब्रेक नीट लागत नाही असं तिला वाटलं. तिने पुढच्या फेरीची शीटं दुसऱ्याच्या गाडीत बसवली आणि जीप गॅरेजला लावली. पुढचे ब्रेक पॅड संपले होते. वॉरंटी होती तोवर ते शोरूमवाल्यांनी बदलले होते. बाहेरून बदलायची ही पहिलीच वेळ. मी नारायणगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदार मारवाडी शेठ, तिसऱ्या पिढीपासून इथले, मराठी आमच्यासारखीच. त्यांनी विचारलं, कोणत्या सालची? मी बेधडक मागच्या दारावरचं साल सांगितलं.

पॅड बसेनात. दोन्ही टोकांचे कान खाचेपेक्षा किंचित मोठे. मी परत जाऊन भांडले, शेठनी दुसरा डबा फोडून दिला. तोही तसाच. तेव्हा गॅरेजचे मिस्त्री म्हणाले, घासून बसवतो की, सगळेच बसवतात. त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. खरंच सगळेच बसवत असतील, आणि मला राग आला तो त्याचाच.

आईला गाडी तातडीने हवी होती. घासलेल्या पॅडवर दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टँडला लागली असती, नंबर राहिला असता, आणि कुणाला काही कळलंही नसतं. ती हात पुसत एवढंच म्हणाली, "माझ्या गाडीत पोरी बसत्यात, भाऊ. घासायचंच आसंल तर तुमच्या गाडीचं घासा, आन् बसा तीत."

जीप गॅरेजलाच राहिली. स्टँडवर चर्चा सुरू झाली. बाईचा पाय ब्रेकवरून उठतच नाही, म्हणून पॅड लवकर गेले, असा निकाल एका ड्रायव्हरने चहा पिता पिता दिला. आई समोरच उभी होती.

"उठत नाय म्हणूनच तुमची आई माझ्या गाडीची वाट बघत बसती, राव," ती म्हणाली.

लोक हसले. नंबर मात्र घसरायचा तो घसरत राहिला.

सापडलं ते असं. गॅरेजमध्ये बसून बसून आई जीप पुसायला लागली. ड्रायव्हरचं दार उघडलं की समोर जो खांब दिसतो, त्यावर पूजेच्या दिवशी शुभ-लाभचा स्टिकर चिकटवलेला होता. शोरूममध्ये कुणी लावला की आमच्यातल्याच कुणी, आता आठवत नाही. त्याचा कोपरा उचलला होता. आईने नखाने ओढला, आणि खाली पत्र्याची छोटी पट्टी निघाली. चासी नंबर, आणि बनल्याचा महिना नि साल. आमचा पाडवा आला त्याच्या आदल्या वर्षीचा ऑगस्ट. आमची नवी कोरी जीप गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत सगळं कुठल्यातरी यार्डात उभी राहून बघून आली होती.

चासी नंबर टाकल्यावर शेठच्या कॉम्प्युटरने वेगळाच पॅड दाखवला. ऑगस्टनंतर दोन महिन्यांनी कंपनीने ब्रेक बदलला होता आणि तिथून पुढे बनलेल्या गाड्यांना पुढच्या सालचं, म्हणजे आमच्या दारावरच्या सालचं, मॉडेल म्हटलं होतं. इथे नीट लक्ष द्या, कारण सगळे इथेच फसतात. मॉडेलचं साल हे कंपनीने दिलेलं नाव. बनल्याचं साल म्हणजे खरा जन्म. पासिंगचं, म्हणजे आरटीओत नोंदणीचं, साल तिसरंच. कारखान्यातला बदल कॅलेंडर बघून होत नाही. त्यामुळे त्याच सालच्या डिसेंबरात बनलेल्या जीपला शेठनी आधी दिलेले पॅड बसले असते आणि आमच्या ऑगस्टच्या जीपला नाही. नुसतं साल पुरत नाही, महिनाही लागतो.

आमच्या गावात निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट तीच तारीख टाकली. जीपलाही आम्ही एक जूनच लावला होता.

आईने शेठना विचारलं, "मग तुमी आधीच का नाय इचारला नंबर?"

"इचारला तर गिऱ्हाईक भांडतं, ताई. माझी गाडी जुनी म्हणतो का, म्हणतं. तुमी पाडवा सांगता, मी पाडव्याचा पार्ट देतो. कंपनी काय पाडवा बघून गाडी बनवती व्हय?"

त्यांच्यावर मला चिडता येईना. शोरूमवर मात्र मी चिडले आणि अजून चिडलेलीच आहे. फोन केला तर म्हणाले, बिलावर सगळं लिहिलेलं असतं, मॅडम. असेलही. पण वॉरंटीत हेच पॅड त्यांनी दर वेळी बरोबर बसवले होते, म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पेढ्यांचा बॉक्स हातात देताना ते एक वाक्य बोलू शकले असते. नवी म्हणून जुनी विकली, आणि विचारणारीलाच मॅडम म्हणून गप्प केलं. याला मी व्यवहार म्हणणार नाही.

बरोबर पॅड बसले आणि आई स्टँडला गेली तेव्हा तिची जीप रांगेत शेवटची होती. तिने तक्रार केली नाही. रिकाम्या वेळात पेंटरला बोलावलं आणि पाडव्याच्या खाली तितक्याच मोठ्या अक्षरांत ऑगस्ट आणि खरं साल रंगवून घेतलं. चहा पिता पिता निकाल देणारा तोच ड्रायव्हर वाचून म्हणाला, "म्हातारी निघाली की वो गाडी."

"म्हातारी हाय," आई म्हणाली, "पण ब्रेक लागतो."

त्यानंतर तो आपल्या जीपचं दार उघडून बराच वेळ वाकून उभा होता. त्याच्याही खांबावर शुभ-लाभ आहे.

माझे वडील मोर्च्यांची पत्रकं सायकलवरून वाटायचे, आणि ती वाचतच मी मोठी झाले. पत्रकाच्या शेवटी मागणी नसेल तर तो कागद वाया गेला, असं ते म्हणत. तर माझी मागणी ही. हे वाचून झालं की गाडीपाशी जा. ड्रायव्हरचं दार उघडा, स्टिकर असेल तर देवाची क्षमा मागून काढा, आणि खालचा महिना नि साल वाचा. पट्टी सापडली नाही तर आरसीवर बघा. चासी नंबरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि पार्ट मागताना आधी तो दाखवा. येत्या पाडव्याला नवी गाडी घेणार असाल, तर हार घालण्याआधी शोरूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारा, ही बनली कधी? आणि कुणी पार्ट घासून बसवतो म्हणालं, तर गाडी तिथेच उभी राहू द्या. नंबर गेला तरी चालेल.