आधी पिन काढ

दारव्ह्यातल्या आमच्या गल्लीत कोणाच्या घरी काही विचित्र वाजायला लागलं, की मिस्त्रीच्या आधी मधुकर काकाजी हजर. पंखा कुरकुरो, मोटार घरघरो, त्यांना काहीही चालायचं. दोन्ही हात मागे बांधून, डोळे मिटून ते ऐकत उभे राहायचे आणि मग पहिला हुकूम सोडायचे, "आधी पिन काढ, मंग भूत म्हण."

त्यांची सारी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात झाली होती. विजेचं शिक्षण शून्य, पण आत्मविश्वास असा की विचारू नका. त्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे तो आमच्या वाट्याला जरा जास्तच आला. एकदा माझ्या सासूबाईंना फ्रिजमधून बाई कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला आणि त्यांनी दाराला लिंबू-मिरची बांधली. काकाजींनी बोर्डातली पिन काढायला लावली, परत लावायला लावली आणि फ्रिजवर पालथी घातलेली पितळी परात उचलली. कण्हणं थांबलं. "तुमची हडळ परातीत बसली होती," असं म्हणून ते चहाला बसले. पुढे त्यांनी आमच्या मिक्सरचं बेअरिंग गेलं म्हणून जाहीर केलं आणि आत निघाला चिंचोका. त्याचा उल्लेख मात्र त्यांच्यासमोर करायची सोय नव्हती.

त्यांच्याकडे होम थिएटरचा एक जुना संच होता, मुलीच्या, ज्योतीच्या लग्नाच्या सुमारास घेतलेला. छोटे स्पीकर कधीच मुके झाले होते. उरला होता तो वूफर, कोपऱ्यातली काळी पेटी. संध्याकाळी काकाजी त्यावर गाणी लावायचे आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे डबे थरथरायचे. भाकरी थापता थापता काकू आतून ओरडायच्या, "कमी करा न जी ते. माह्या छातीत धडधडते." काकाजी आवाज कमी करायचे, दोन भाकरी होईपर्यंत. मग पुन्हा वाढवायचे.

काकूंच्या त्या थापा भिंतीतून आमच्याकडे ऐकू यायच्या. थप थप थप, मग भाकरी फिरवायला जरा थांबणं, की पुन्हा थप थप थप. त्या ऐकल्या की मी आमचा कुकर लावायची.

हिवाळ्यात काकू गेल्या. काकाजी रडले नाहीत, फक्त कोणाच्या घरचे आवाज ऐकायला जाईनासे झाले. उन्हाळा लागता लागता एका दिवेलागणीला ते आमच्या दारात उभे राहिले. "जरा ये वं. वूफर कसातरी करून राह्यला."

मी गेले. गाणं लावलेलं नव्हतं. पेटीला फक्त विजेची वायर होती, बाकी सगळ्या वायरी काढून बाजूला ठेवलेल्या. आणि पेटी वाजत होती. थप थप थप. जरा थांबणं. थप थप थप. माझी नजर आपसूक स्वयंपाकघराकडे गेली.

काकाजी मात्र तपासणीत गुंतले होते. पेटी दुसऱ्या बोर्डाला लावून पाहिली होती, तिच्याखाली घडी केलेलं पोतं टाकून पाहिलं होतं, स्क्रू आवळले होते. "याच्यातला कपॅसिटर म्हातारा झाला," ते म्हणाले. "करंट धरून ठेवत नाही, मंग अशा थापा मारते. सांजच्याले शेतातले पंप सुरू झाले का व्होल्टेज पडते. म्हणून सांजच्यालेच वाजते." सगळं पटण्यासारखं होतं. मग ते हळूच म्हणाले, "पण मधात थांबते काहून, ते सांग मले."

"काकाजी, पिन काढून पाहिली का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गल्लीभर ज्यांनी हा हुकूम सोडला, त्यांनी स्वतःच्या घरात तो पाळला नव्हता. बोर्ड बदलताना पिन निघाली असणारच, पण तेव्हा त्यांनी बहुधा वाजायची वेळ टाळली होती.

"वाजताना काढली अन् बंद झालं, त समजन का करंटच होता," ते म्हणाले. "नाही झालं, त मंग तिले इथं एकटीले टाकून मी जाऊ कसा?"

जायचं होतं नागपूरला, ज्योतीकडे. ते न्हाणीघरात एकदा पडले होते आणि ज्योतीने रडून फोनवर जीव नकोसा केला होता. तरी दर वेळी काही कारण काढून ते राहायचे. कारण कोणतं ते आता मला कळलं, आणि या आडमुठ्या माणसाची मला फार माया आली.

पावसाळ्याआधी ज्योती गाडी घेऊनच आली. सामान भरता भरता दिवेलागण झाली. काकाजींनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. "पिन तू काढ. मी गाडीत बसतो. काय झालं ते मले सांगू नको. अन् ध्यानात ठेवजो, पिन काढली तरी थोडा वेळ जीव राह्यते त्यात."

मी आत गेले. पेटी वाजत होती. पिन उपसली. थापा चालूच राहिल्या, मग हलक्या झाल्या, मंदावल्या, थांबल्या. मी दाराकडे वळले, तेव्हा तोच आवाज स्वयंपाकघरातून आला.

आत ओटा कोरडा होता. तवा खिळ्याला, परात पालथी. मी दिवा मालवला, कुलूप लावलं आणि बाहेर आले. काकाजींनी गाडीच्या काचेतून माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मान समोर वळवली.

नागपुरात ते रुळले. संध्याकाळी फोन करून ज्योतीच्या वॉशिंग मशीनचं निदान मला ऐकवायचे. त्या गोष्टीबद्दल मात्र कधी अक्षर नाही. परवा बोलता बोलता मधेच म्हणाले, "काय वं, ते बंद झालतं न?"

"झालतं जी काकाजी. पण लगेच नाही."

"हं. राह्यते थोडा वेळ जीव." मग म्हणाले, "आता घर चूप असन."

मी ओट्यापाशी उभी होते, त्यांच्या भिंतीला टेकून. भाकरीची वेळ झाली होती आणि माझा कुकर अजून लावायचा होता.

"हो जी," मी म्हटलं, "एकदम चूप आहे." आणि फोन भिंतीपासून लांब धरला.